सागवेळचा कोरा पंजा

जरा जपून चढा. चपला हातात घेतल्यात तर बरं. देव नाही इथे, पण शेवाळावर चप्पल घसरते आणि कडेच्या कालवांवर पडलात तर गुडघा सोलून निघेल. त्यांची धार वस्तऱ्यापेक्षा वाईट. हां, इथे मध्ये उभे राहा आणि आता खाली बघा. समुद्राकडची अर्धी कातळी पांढरी आहे आणि गावाकडची अर्धी काळी. बाहेरून येणारे म्हणतात, पक्ष्यांनी घाण केली असेल. पक्षी काय सुतळी लावून बसतात? तो चुना आहे. किती पावसाळे गेले, किती उधाणं आली, तो निघालेला नाही. लहानपणी आम्ही पोरं नखांनी खरवडून बघायचो. नखं गेली, चुना तसाच राहिला.

आता त्या वाळूत ओढून ठेवलेल्या होड्या बघा. सगळ्या खालून लाल रंगवल्यात. सोसायटीतून डबे येतात त्या रंगाचे. जुन्या काळी चुना आणि तेल लावायचे. पण प्रत्येक होडीच्या डाव्या कुशीला, मागच्या अंगाला, पार तळाजवळ एक जागा कोरी आहे. हाताच्या पंजाएवढी. मघाशी तुमच्यातल्या एकाने म्हटलं, रंग संपला असेल. अहो, रंग संपला तर आम्ही दुसरा डबा फोडतो. ती जागा मुद्दाम सोडलेली असते.

मी विश्राम मेस्त. होड्या बांधण्यात जन्म गेला माझा. तो पंजा का सोडतात हे मला माझ्या आजोबांनी सांगितलं आणि त्यांना त्यांच्या आजोबांनी. खरं किती आणि भर किती हे मला विचारू नका. असं सांगतात, तसं सांगतो.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या, म्हणजे पुढचं कळेल. लाकूड पाण्यात गेलं की दर्या त्याला आपलं समजतो. पहिल्या आठवड्यात बुळबुळीत शेवाळ धरतं, मग बारीक बारीक कालवं चिकटतात, मग ती मोठी होतात आणि त्यांच्यावर आणखी येऊन बसतात. दोन-तीन महिने दुर्लक्ष केलं तर होडीचं बूड ह्या कातळीसारखं खरबरीत होतं. अशी होडी पाण्यातून नाही, चिखलातून चालते. शीड फुगलेलं असतं आणि होडी जागची हलत नाही. म्हणून तळाला लेप लावायचा. कालवांच्याच शिंपल्या भट्टीत भाजायच्या, त्यांचा चुना करायचा आणि तो मुशीच्या तेलात मळायचा. मुशी म्हणजे शार्क माशातली धाकटी जात, तिच्या काळजाचं तेल असं घाण मारतं की लावणाऱ्याला घरात कोणी जवळ घेत नाही. पण काट्याने काटा काढावा तसं होतं; त्या लेपावर कालव बसत नाही.

लेप लावायची रीत अशी. भरतीला होडी ह्या कातळीवर आणायची. ओहोटी लागली की ती उघडी पडते आणि एका कुशीवर कलते. वर आलेली कूस खरवडायची, लेपायची. पुढच्या ओहोटीला दुसऱ्या अंगावर कलवायची आणि उरलेली कूस करायची. एका ओहोटीत एक कूस. दोन कुशी एका ओहोटीत होत नाहीत.

त्या काळी सागवेळात एकच मोठं गलबत होतं. त्याचं नाव जोगीण. तिचा तांडेल, म्हणजे चालवणारा मुख्य, धर्माजी. गडी हुशार, पण उतावळा. उकळी फुटायच्या आत भात उतरवणारा. त्याची बायको द्वारका. ती अंगाने काडीसारखी, पण लेप मळावा तर तिनेच, असा तिचा लौकिक होता. तिच्या हाताच्या लेपाला भेग पडत नसे म्हणतात. त्यांना एकच मुलगी, शेवंती. लग्नाच्या वयाला टेकलेली.

नारळी पुनवेच्या सुमाराला जोगीण लेपायला काढली होती. पहिल्या ओहोटीला उजवी कूस झाली. दुसऱ्या दिवशी डावी करायची, तर पहाटे वारा असा सुरेख सुटला की धर्माजीचे पाय जमिनीवर ठरेनात. मलबारात मीठ पोचवायचं होतं. द्वारका लेपाचं पातेलं घेऊन आली तोवर हा माणूस जोगीण पाण्यात घालून मोकळा.

"डावी कूस कोरी रवली हा," ती म्हणाली. "अर्धी लेपलेली जोगीण दर्यात घालू नकात."

"परतल्यावर करूया. वारो आमच्यासाठी थांबाचो नाय," म्हणून तो गेला.

आता ही चूक तुम्हाला लहान वाटेल. आमच्यात ती अशी चूक आहे की अजून कोणी काम अर्धं टाकलं तर म्हातारे म्हणतात, धर्माजीची उजवी कूस केलीस काय रे.

जोगीण परत आली तेव्हा तिची उजवी कूस आरशासारखी होती आणि डावीवर कालवांची शेती. सरळ चालायची नाही. एक बैल चालतोय आणि एक बसलाय, अशा गाडीसारखी सारखी डावीकडे ओढायची. धर्माजी म्हणाला, उद्या करू.

त्याच उद्यावर घात झाला. कार्तिकातली दशमी होती असं सांगतात. दुपारची ओहोटी. तिकडे समोर, पाण्यात लाटा फुटताना दिसतात ना, ते कालवांचं खडप. आत्ता पाणी चढतंय म्हणून नुसता फेस दिसतो. ओहोटीला मोठं खडकांचं पठार उघडं पडतं. गावच्या पोरी कोयत्या घेऊन तिथे कालवं काढायला जातात. तेव्हाही जायच्या. त्या दिवशी शेवंती होती आणि तिच्या बरोबरीच्या मूठभर पोरी.

पलीकडे ते घारीचं बेट. त्याच्या आडून चाच्यांचं जहाज आलं. ते कुठचे होते ह्यावर आमच्या गावात अजून भांडणं होतात, म्हणून मी नाव घेत नाही. माणसं धरायची आणि दूरच्या बंदरात विकायची हा त्यांचा धंदा. त्यांनी छोट्या होड्या सोडल्या आणि खडपावरून सगळ्या पोरी उचलल्या. गावातून बायकांना ते सगळं दिसत होतं. ओरडून काय होणार? मध्ये पाणी.

धर्माजीने आहेत ते गडी घेतले आणि जोगीण हाकारली. शीड भरलं, पण जोगीण डावीकडे ओढायला लागली. त्याने सुकाणू उजवीकडे दाबून धरलं. खडपात एक खिंड आहे, गलबत जेमतेम जाईल एवढी. त्यातून गेलं तर बेट जवळ. त्या खिंडीच्या तोंडाशी वाऱ्याची झुळूक मध्येच मेली, ओढ सुटली आणि दाबलेल्या सुकाणूने जोगीण भस्सकन उजवीकडे गेली. खडकाला घासली. उजव्या कुशीच्या फळ्या उकलल्या, पाणी आत यायला लागलं. चाच्यांच्या जहाजावरून हसण्याचा आवाज आला म्हणे. पोरींनीही ते पाहिलं. शेवंतीने आपल्या बापाचं गलबत वाकडंतिकडं होऊन मागे फिरताना पाहिलं.

संध्याकाळी वारा साफ पडला. हे एक नशीब. चाच्यांचं जहाज मोठं, वाऱ्याशिवाय हलणारं नव्हतं. ते बेटाच्या आडोशाला नांगर टाकून पडलं. जमिनीकडून वाहणारा मतलई वारा सुटला की ते निघणार आणि मग त्या पोरी ह्या जन्मात दिसणार नाहीत, हे गावात शेंबड्या पोरालाही कळत होतं.

रात्रभर गावाने भट्टी पेटती ठेवली. घराघरांतून मुशीचं तेल आलं, दिव्यातलंसुद्धा ओतून दिलं. उकललेल्या फळ्यांत कापूस आणि तेल ठोकून भरलं. सकाळच्या भरतीला जोगीण ह्या कातळीवर आणली. मतलई दिवस मावळल्यावर सुटते. आदल्या रात्री ती फिरकलीच नाही आणि दिवसाही वारा पडलेलाच होता. म्हणजे हातात एक ओहोटी होती, आणि करायची होती एकच कूस, डावी. सरळ हिशेब, नाही का?

तसा तो सरळ राहिला नाही. डावी कूस वर आणायची तर गलबत उजवीवर कलवायला हवं. आणि उजवीकडे कालची ओली सांधणी. तिच्यावर गलबताचा भार आला असता तर कापूस आत ढकलला जाऊन भगदाड पडलं असतं. म्हातारे जमले, डोकी खाजवली. शेवटी ठरलं की जोगीण कलवायचीच नाही. दोन्ही बाजूंनी लाकडाचे टेकू लावून सरळ उभी ठेवायची आणि डाव्या कुशीखाली शिरून लेप लावायचा.

असं कोणी केलं नव्हतं, आणि त्याला कारण होतं. उभ्या गलबताचं पोट तळाकडे निमुळतं होत जातं. खाली माणूस बसूही शकत नाही, पाठीवर झोपून सरकावं लागतं. त्यातून डावी कूस समुद्राकडे. कातळीचा उतार तिकडेच आहे, बघा. भरतीचं पाणी पहिल्यांदा तिथेच येतं. टेकू हलला तर वर गलबत आणि खाली माणूस.

गडी वरच्या फळ्या खरवडायला लागले. पण तळाजवळच्या फटीत एकाही गड्याचे खांदे शिरेनात. धर्माजीने स्वतः प्रयत्न केला आणि अर्ध्यात अडकला, त्याला पाय धरून ओढून काढावं लागलं. तेव्हा द्वारकेने पदर खोचला.

"मी जातंय," ती म्हणाली.

धर्माजी काहीतरी बोलायला गेला. ती म्हणाली, "चेडू माझा पण आसा." पोर तिचीही होती. बास. एवढंच. कालची गोष्ट तिने काढली नाही. माझी आजी म्हणायची, तिने चार शिव्या घातल्या असत्या तर त्या माणसाला सोपं गेलं असतं.

द्वारका आत गेली. हातात कोयती, तोंडावर फडकं. खरवडलेली कालवं तिच्याच तोंडावर, छातीवर पडत होती. बाहेर तिची जाऊ गोदा बसली होती. ती लेपाच्या वाट्या आत सरकवायची आणि रिकाम्या बाहेर ओढायची. चुना ताजा, गरम. तो कातडीला खातो. थोड्या वेळाने वाटीच्या काठाला रक्त लागून यायला लागलं. कालवांचं की चुन्याचं, गोदाला कळेना. तिने विचारलं नाही, पुढची वाटी सरकवली.

ऊन कलायला लागलं तेव्हा वरच्या फळ्या झाल्या होत्या. खालच्या अर्ध्या झाल्या होत्या. ओहोटी संपून पाणी परत फिरलं होतं, पण अजून कातळीच्या कडेला होतं. गडी तेवढ्यात शीड बांधत होते. सगळ्यांची नजर एकदा पाण्याकडे, एकदा बेटाकडे. जहाज जागच्या जागी होतं. अजून वेळ आहे, लोक एकमेकांना म्हणत होते.

आणि दिवस मावळायच्या आधीच वारा सुटला. आधी माडांची टोकं हलली. मग वाळूवरची पानं समुद्राच्या दिशेने सरकायला लागली. मतलई. बेटाआड चाच्यांनी शीड सोडलेलं गावाने पाहिलं.

मग एकच धावपळ. धर्माजी वर चढला, सुकाणूपाशी गेला. गड्यांनी दोर घेतले. पाणी कातळीवर चढून द्वारकेच्या पाठीखाली आलं होतं. गोदाने वाकून पाहिलं तर द्वारका पाण्यात झोपली होती आणि तिचा उजवा हात वर फिरत होता.

"पाणी चढता गो! भायर ये!"

"एक फळी रवली हा."

"रवांदे ती फळी!"

"अर्धी नाय सोडूची," आतून आवाज आला.

त्याच वेळी एक लाट आली. मोठी नव्हती, पण समुद्राकडच्या टेकूच्या खालून गेली. टेकू उचलला गेला, आडवा झाला आणि पाण्याबरोबर वाहत गेला. जोगीण करकरली. वरच्या माणसांना वाटलं, पाण्याने उचलायला सुरुवात केली. पण गोदा खाली होती. तिने पाहिलं की गलबत डावीकडे, द्वारकेच्या अंगावर कलतंय. तसं ते पडलं असतं तर ओला लेप कातळीला पुसून गेला असता, फळ्या फुटल्या असत्या आणि पोरींची आशा तिथेच संपली असती.

आणि म्हणे, गलबत थांबलं. गोदाने पुन्हा वाकून पाहिलं. द्वारकेने डावा हात वर करून, पंजा पसरून, फळीला टेकवला होता. कोपर कातळीवर रोवलं होतं. उजव्या हाताने ती अजून लेप लावत होती.

तुम्ही हसणार हे मला माहीत होतं. एका काटकुळ्या बाईच्या हाताने गलबत तोलतं का? मी मेस्त आहे, मीही जन्मभर हाच विचार केलाय. पाण्याने तोवर बराच भार उचलला होता. राहिला असेल थोडासा. पण तो थोडासा भारही कोणीतरी घ्यावा लागतो, आणि तिथे दुसरं कोणी नव्हतं.

गोदा आत शिरायला गेली. द्वारका म्हणाली, "तू वर जा. दोर धर. माणसा कमी पडतत. मी येतंय मागसून."

गोदा वाळूवर दोर धरायला गेली. पुढे ती खूप म्हातारी होऊन वारली, आणि मरेपर्यंत एवढंच सांगत राहिली की ती म्हणाली म्हणून मी गेले.

मग मोठी लाट आली, जोगीण अलगद उचलली गेली. "सुटली! जोगीण सुटली!" दोर सुटले, गडी चढले, शीड फुगलं. वाळूवरच्या बायका ओरडत पाण्यात धावल्या. त्या गर्दीत, त्या फेसात कातळीखाली कोणी पाहिलं नाही. धर्माजीला वाटलं, द्वारका बायकांत आहे. बायकांना वाटलं, पोरीसाठी ती गलबतावर चढली. आणि गोदाला तर वाटलंच होतं, ती मागून येते आहे.

जोगीण मात्र त्या दिवशी अशी चालली की आमच्याकडे अजून वेगाने जाणाऱ्या कशालाही लोक जोगीण म्हणतात. सुकाणूवर नुसतं बोट टेकवावं आणि तिने वळावं. धर्माजीने ती सरळ जहाजाच्या नाकासमोरून आडवी नेली. चाच्यांनी ओळखली. कालचं तेच लंगडं गलबत, आणि वर चांगले धडधाकट गडी! आयती शिकार म्हणून त्यांनी जहाज तिच्या मागे वळवलं. धर्माजीला हेच हवं होतं. तो त्यांना खडपाकडे घेऊन निघाला.

पाणी अर्ध्या भरतीला आलेलं. खडप नुकतंच बुडालेलं, वरून नुसता समुद्र दिसत होता. खिंड कुठे आहे हे गावच्या माणसालाच माहीत. उजवीकडची सांधणी पाझरत होती. दोन गडी सारखे पाणी उपसत होते. मागे जहाज जवळ येत होतं. त्यांची तोफ एकदा उडाली, गोळा शिडातून पार गेला. काल ज्या जागी जोगीण फिरली होती ती जागा आली. धर्माजीने सुकाणू सरळ धरलं आणि डोळे मिटले म्हणे. जोगीण डावीकडे ओढली नाही, उजवीकडे गेली नाही. सुईत दोरा जावा तशी खिंडीतून पार झाली.

मागच्या जहाजाला उशिरा कळलं. त्यांनी सुकाणू फिरवलं. पण ते जहाज कित्येक महिने दर्यात होतं, त्याच्या बुडाला बोटभर जाडीची कालवं. ते वळता वळेना. आपल्याच ओझ्याने सरळ येत राहिलं आणि खडपावर चढून कलंडलं. लाकूड फुटल्याचा आवाज गावापर्यंत आला.

धर्माजी उभा राहून ओरडला, "पोरींनो, उडये घाला! खडपार उभ्या रवा!"

पोरींचे हात मोकळे होते. भर दर्यात पळून कुठे जाणार, म्हणून बांधलेच नव्हते. त्यांनी उड्या टाकल्या. चाचे बुडत होते, खिंडीच्या ओढीत वाहून जात होते, आणि त्या पोरी कमरेइतक्या पाण्यात उभ्या होत्या. खडपाचा उंचवटा कुठे, खड्डा कुठे, त्यांना पायांनी पाठ होतं. एकमेकींचे हात धरून त्या जोगिणीपर्यंत चालत आल्या. पाय कालवांनी चिरले होते, पण सगळ्या होत्या. एकही कमी नव्हती.

जोगीण वाळूला लागली तेव्हा दिवस बुडाला होता. अख्खं गाव पाण्यात उतरलं. रडणं, हसणं, मिठ्या. शेवंती उतरली आणि गर्दीत इकडे तिकडे बघायला लागली.

"बाबा, आये खय?"

धर्माजीने गोदाकडे पाहिलं. "ती तुमच्यावांगडा नाय?"

"ती तुमच्यावांगडा गेली ना?" गोदा म्हणाली.

सांगतात की सगळ्यांनी ह्या कातळीकडे पाहिलं. कातळीवर तोवर चार हात पाणी चढलं होतं.

द्वारका सापडली नाही. ओहोटीला शोधलं, खाडीत शोधलं, बेटापर्यंत जाऊन आले. कातळीवर फक्त तिच्या वाट्या होत्या, आणि जिथे ती पाठीवर सरकत होती तिथे लेप सांडून पांढरा झाला होता. तोच हा. तुम्ही आत्ता ज्याच्यावर उभे आहात.

धर्माजीने त्यानंतर बरेच दिवस जोगिणीला हात लावला नाही. ती खाडीत नांगरून पडली होती. एका अमावास्येला गड्यांनीच ती कातळीवर आणली आणि कलवली. सगळी कूस चुन्यासारखी स्वच्छ. एवढे दिवस पाण्यात राहून एक कालव नाही, शेवाळाचा डाग नाही. फक्त मागच्या अंगाला, तळाजवळ, पंजाएवढी जागा कालवांनी भरली होती. पाच बोटं, अंगठा, तळहात, सगळं नीट. तिने हात टेकवला होता तेवढ्या जागी लेप लागला नव्हता. तेवढं दर्याने आपलं म्हणून घेतलं होतं.

एका गड्याने सवयीने कोयती उचलली. शेवंती मध्ये गेली. तिने आपला डावा हात त्या कालवांवर ठेवला. बोटाला बोट लागलं. धार लागून रक्त आलं तरी तिने हात काढला नाही, आणि मग ती पहिल्यांदा रडली असं सांगतात. तोवर ती आईसाठी रडली नव्हती.

तिने बापाला एवढंच म्हटलं, "ही जागा लेपूची नाय. केदवाच नाय." धर्माजीने कातळीवर डोकं टेकलं आणि हो म्हटलं. त्याने आणखी एक पण केला, तो तुम्हाला आता संध्याकाळी बघायला मिळेल.

आजही सागवेळात होडी रंगवायला काढली की घरातली बाई डाव्या कुशीला आपला पंजा टेकवते आणि पुरुष त्याच्या कडेने रंग लावतो. चुना गेला, डब्यातला रंग आला, लाकूड जाऊन फायबरच्या होड्या आल्या. पंजा राहिला. त्या जागेत कालवं धरतात. ती पंजाबाहेर सांडायला लागली की आम्ही समजतो, होडी वर घ्यायची वेळ झाली. तिथे कोयती लावत नाही. बायका ती बोटांनी सोडवतात आणि खडपावर नेऊन सोडतात. बोटं कापतात. कापू देतात.

आणि ती बघा, परबांची होडी आज पाण्यात जाते आहे. पाणी आलंय, दोर सोडायला माणसं उभी आहेत, वाराही चांगला आहे. तरी तांडेल चढलेला नाही. तो आता होडीच्या डाव्या कुशीला गुडघ्यावर बसेल आणि तळाखाली तोंड करून मोठ्याने विचारेल, "खाली कोण आसा?" वारा जाऊ दे, भरती जाऊ दे, हे विचारल्याशिवाय सागवेळची होडी सुटत नाही.

जरा गप्प राहा आता. खाली कोणी नसतं, हे त्यालाही माहीत आहे. तरी तो उत्तराची वाट बघतो, आणि आम्ही सगळे त्याच्याबरोबर थांबतो.